बाचे पाय

"ऊठ रे. तुजे पाय बगितलेस काय? फादरला ओकारी येल."

भरल्या देवळात माझ्या बाला हे ऐकावं लागलं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. दिवस पवित्र गुरुवारचा. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा माणसांना खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुतो. आमच्या देवळात ते त्या वर्षी पहिल्यांदाच होणार होतं. फादरनं स्वतः बाला सांगितलं होतं, तू बस. बा हरखून गेला होता. दगडानं टाचा घासून घासून त्यानं रक्त काढलं होतं.

बा कांजूरच्या मिठागरात राबायचा. खाऱ्या चिखलात दिवसभर उभं राहायचं. खारं पाणी पाय खातं. आधी भेगा, मग भेगांत मीठ, मग जखम. ती भरत नाही. बाचे पाय माणसाचे वाटायचेच नाहीत. पण ते तसे झाले बस्त्यांवशेठच्या मिठागरात. आणि ऊठ म्हणणारा बस्त्यांवशेठच होता. मिठागर त्याचं, भातशेती त्याची, देवळाचा कारभारही त्याच्याकडे.

"फादरनीच बशिवलंय मला, शेठ," बा म्हणाला.

"कालचे किरिस्ताव तुम्ही. नगरवरनं उपाशी आलात, नि लगेच खुर्ची पायजे? ऊठ. विहिरीचं पानी आन."

बा उठला.

त्याच्या जागी शेठचा पुतण्या बूट-मोजे काढून बसला. गोरे, मऊ पाय. जन्मात चिखल न पाहिलेले. फादर आला. त्यानं बाराव्या खुर्चीकडे बघितलं. हंडा घेऊन दाराशी उभ्या असलेल्या बाकडे बघितलं. आणि खाली वाकून पाय धुवायला लागला. बाचे पाय चालले नाहीत, त्याच्या हातचं पाणी मात्र चाललं. शेवटी ते मळकं पाणीही बाच बाहेर फेकून आला. मी तेव्हा आठवीत होते. आईनं माझं मनगट असं धरून ठेवलं होतं की काळंनिळं झालं.

घरी येऊन बा नेहमीसारखा माळ घेऊन रोजरी म्हणायला बसला. मला त्याचा राग आला. शेठपेक्षाही जास्त.

"बा, तुला काहीच वाटत नाही?"

"त्यानं खुर्चीवरनं उठिवलं, बाये. देवानं कुठं उठिवलंय?"

पुढच्या वर्षी त्याचा उजवा पाय सडायला लागला. दवाखान्यात म्हणाले, कापावा लागेल. बा नको म्हणाला. लंगड्याला मिठागरात कोण ठेवणार? शेठ एकदा दारापर्यंत आला. नाकाला रुमाल. म्हणाला, "देवाची परीक्षा हाय. सोस." परीक्षा देवाची म्हणे! पेपर तर शेठनंच काढला होता. विष अंगभर चढलं आणि बा गेला. माळ बोटांत तशीच. त्याची श्रद्धा शेवटपर्यंत तुटली नाही. माझीही तुटलेली नाही. पण माझ्या श्रद्धेला दात आहेत.

आमच्यात मेलेल्या माणसाला चांगले कपडे, बूट-मोजे घालून देवळात नेतात. पेटी उघडी ठेवतात, लोक शेवटचं दर्शन घेतात. शेठ काळे बूट आणि नवे मोजे घेऊन आला. आयुष्यभर बाला चपलेचा तुकडा दिला नाही, आणि आता बूट. आई घ्यायला पुढे झाली. मी तिला मागे ओढलं.

"मोजे नकोत. पाय उघडे राहतील."

"देवळात लाज काढशील पोरी आमची," आई म्हणाली.

"त्यासाठीच चाललेय."

बा उघड्या पायांनी देवळात गेला. लोकांनी बघितलं. काहींनी तोंड फिरवलं. मिठागरातल्या बायकांनी मात्र एकेक करून त्या पायांना हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. शेठ खांबाआड उभा होता.

वस्तीतले काही म्हणाले, सोड ते देऊळ. आपला अपमान करणाऱ्यांचा देव आपल्याला काय करायचा? मी का सोडू? खुर्च्या शेठच्या असतील. देव काही त्याच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही.

एका शनिवारी पापकबुलीला गेले. जाळीपलीकडे तोच फादर.

"फादर, मी शेठचा द्वेष करते. त्याचं वाटोळं कर, असं रोज देवाला सांगते."

"क्षमा कर त्याला. नाही तर कम्युनियन मिळणार नाही."

"त्यानं माफी मागितली?"

फादर खुर्चीत सरकला.

"मग त्याला कम्युनियन कसं मिळतं?"

जाळीपलीकडे फादरनं मान खाली घातली. त्या गुरुवारी पाय धुताना घातली होती तशी.

कम्युनियन म्हणजे येशूचं शरीर मानून फादर जिभेवर ठेवतो ती पातळ पांढरी भाकर. आमच्या घरातला प्रत्येक घास शेठच्या मिठागरातून आलेला. हा एकच घास असा होता, जो मालकानं दिलेला नव्हता. त्याच्यासाठी मी आठवडाभर थांबायची. आता तोही शेठपायी अडला. खोटं बोलून मिळाला असता. क्षमा केली म्हणायचं, जीभ पुढे करायची. बाच्या जिवावर असला खोटा घास मला गिळवला नसता.

तरी जाते. दर रविवारी. पहिल्या बाकावर, शेठच्या बायकोला खेटून बसते. ती सरकते. सरकू दे. प्रार्थना मोठ्यानं म्हणते, आणि अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की तोंड मिटते. मान वळवून शेठकडे बघते. हल्ली त्या ओळीला त्याचाही आवाज अडखळतो. मग सगळे कम्युनियनला उठतात. मी बसून राहते. डोळे भरतात, तरी बसून राहते. का बसलेय ते देवाला ठाऊक आहे. आता देवळालाही ठाऊक झालंय.

त्यानं भरल्या देवळात बाचं नाव घेऊन माफी मागितली पाहिजे. तोवर तो म्हातारा होईल, मी म्हातारी होईन. होऊ दे. मी देवाला सोडणार नाही. आणि शेठलाही सोडणार नाही.