शांतवन भिंगारदिवेंचा सातवा दिवस

हडपसरच्या एका पंपांच्या कारखान्यात शांतवन भिंगारदिवे अठ्ठावीस वर्षं तपासनीस आहेत. तयार झालेला भाग ड्रॉइंगवरच्या मापाशी जुळतो की नाही, एवढंच त्यांनी बघायचं. केसाएवढा फरक असला तरी लाल खडूची फुली पडते. ऑपरेटर विनवण्या करतो, सुपरवायझर घड्याळ दाखवतो. शांतवनकाका ड्रॉइंगवर बोट ठेवतात आणि पुढचा भाग उचलतात. फरक असूनही माल घ्यायचा असेल, तर ज्याचं ड्रॉइंग आहे त्या गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागते. ती असली की काकांची काही हरकत नसते.

दोन वर्षांपूर्वी खडकीच्या त्यांच्या चर्चमध्ये दहा आज्ञांचा नवा फलक करायचं ठरलं. काकांचं अक्षर चांगलं, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. तीन आज्ञा लिहून झाल्या. चौथीला त्यांनी ब्रश खाली ठेवला. चौथी आज्ञा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी पाळायला सांगते. चर्च भरत होतं रविवारी. पुढचे दोन रविवार मंडळीने तीनच आज्ञांवर काढले.

मग चर्चचे पाळकसाहेब घरी आले.

“अहो भिंगारदिवे, प्रभू रविवारी कबरेतून उठला. म्हणून पहिल्या शिष्यांपासून आपण रविवारी जमतो.”

“ते कारण झालं, साहेब. दिवस बदलल्याची लेखी परवानगी कुठंय?”

“रिकामी कबर पुरेशी नाही?”

“विश्वासाला पुरेशी आहे. वाराबद्दल तिच्यात काही सापडलं नव्हतं.”

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि उरलेल्या सात आज्ञा पेंटरकडून लिहून घेतल्या.

काकांनी शनिवारी जमणारी एक छोटी मंडळी शोधून काढली. एका क्लासच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं जमत. प्रश्न घरचा होता. त्यांची बायको कुसुम खडकीच्या चर्चमध्ये बावीस वर्षं गाणी सुरू करून देते. तिने सूर लावायचा, मग मंडळीने मागून उचलायचं.

“पटलंय तर शनिवार पाळा,” कुसुमकाकू म्हणाल्या. “मी रविवार सोडणार नाही.”

“मी कुठे सोड म्हणतोय?”

“म्हणून तर बघा.”

काकांनी म्हणून बघितलं नाही.

कुसुमकाकू एका शाळेच्या ऑफिसात काम करतात, काकांच्या शिफ्ट बदलत असतात. त्यामुळे आठवड्याचं बोलणं रविवारी हडपसर ते खडकी स्कूटरवर व्हायचं. हेल्मेटमुळे निम्मं ऐकू येत नसे, म्हणून भांडणंही निम्मीच होत. शनिवारची सुट्टी घेतली तर रविवारी कामावर जावं लागणार होतं, आणि स्कूटरवरचा तो तास जाणार होता. दोघांनाही हे माहीत होतं.

काकांनी सुट्टी बदलण्याचा अर्ज केला. एचआरमधल्या तेजस्विनीने फॉर्म उघडला.

“काका, रीझन काय टाकू?”

“चौथी आज्ञा.”

“ऑप्शनमध्ये नाहीये. मॅरेज, मेडिकल, डेथ, अदर.”

“अदर टाका.”

“पण काका, आमच्या सिस्टीममध्ये वीक मंडेला सुरू होतो. म्हणजे संडेच सातवा. झालं की काम!”

“तुमच्या सिस्टीमने गेल्या वर्षी माझी एकतीस जूनची हजेरी लावली होती.”

तेजस्विनीने अदर टाकलं. एक महिना ट्रायल, मग कायम, असं ठरलं.

पहिल्या शुक्रवारी काका लवकर घरी आले. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि त्या दिवशी चूल पेटवायची नसते.

“कुसुम, उद्याचा स्वयंपाक सहाच्या आत उरकशील?”

कुसुमकाकूंनी बायबल आणून त्यांच्यासमोर उघडलं. “कोणी काम करायचं नाही ते वाचा. तुम्ही आहात. मुलगा आहे, मुलगी आहे, गडी आहे, मोलकरीण आहे, गुरंढोरंसुद्धा आहेत. बायको दाखवा.”

काकांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. बायको नव्हती.

“राहून गेली असेल,” ते म्हणाले.

“तुम्हीच म्हणता ना, लिहिलंय तेवढंच? मला या शब्बाथाची सुट्टी नाही, म्हणजे तो माझा नाही. तयारी तुमची तुम्ही करा.”

काकांनी चपात्या लाटल्या. शनिवारी दुपारी त्यांच्यावर खडूची फुली मारण्यासारखी परिस्थिती होती, पण दुसरा माल नव्हता. दोघांनी खाल्ल्या.

असे चार शनिवार गेले. रविवारी काका बंद मशीनच्या शेजारी बसून मालाची तपासणी करत आणि काकू दोन बस बदलून खडकीला जात. चौथ्या रविवारी संध्याकाळी काकांनी विचारलं, “आज पहिलं गाणं कुठलं घेतलंस?”

“माहीत नाही. मी बसमध्ये होते.”

“आणि मागच्या रविवारी?”

“बसमध्येच. रविवारी पहिली बस उशिरा सुटते. चारही रविवार श्यामलाने सुरू केलं. वरच्या पट्टीत.”

“पोचते?”

“ती पोचते. मंडळी पोचत नाही. आता पाळकसाहेब म्हणतात, कायमचं तिलाच देऊ.”

“मला बोलली नाहीस.”

“कधी बोलणार?”

सोमवारी काका तेजस्विनीकडे गेले. शनिवारची सुट्टी कायम करा, पण रविवारी मला दुपारी तीनची शिफ्ट द्या, म्हणाले.

“काका, सुटायला साडेअकरा होतील. आणि मंडेला परत सकाळी सात. चौथी आज्ञा आराम करायला सांगते ना?”

“शनिवारी.”

पुढच्या रविवारी आठ वाजता स्कूटर चर्चच्या आवारात आली. काकू आत गेल्या. काका स्कूटरवर बसून राहिले. पाळकसाहेब पायऱ्या उतरून आले.

“आत या की.”

“माझी उपासना काल झाली, साहेब.”

“मग इथे काय करताय?”

“कुसुमला सोडायला आलोय.”

आतून कुसुमकाकूंनी सूर लावला. मंडळीने उचलला. दुसऱ्या कडव्याला काकाही बाहेरून गाऊ लागले.

घरी निघताना काकू म्हणाल्या, “तुम्ही गाताना आमच्या मागे राहत होतात. सगळ्यांना ऐकू येत होतं.”

“मध्ये भिंत आहे.”

“मग खिडकीशी लावा स्कूटर.”

तेव्हापासून स्कूटर खिडकीशी असते. काका अजून आत गेलेले नाहीत.