बोडक्या डोक्याचे नाना

आमचे नाना भर बाजारातून बोडक्या डोक्याने चालत. त्या काळी सुतकातला माणूसच तसा फिरे, त्यामुळे मंचरच्या आठवडेबाजारात कुणी ना कुणी विचारीच, "मास्तर, कोन गेलं?"

"कुणी नाही. माझा एक आकडा चुकला," म्हणत नाना तिथंच उभे राहून सगळी हकिगत सांगू लागत. मी पदर तोंडावर ओढून कांद्यांच्या ढिगामागे सरकत असे.

नाना शाळामास्तर. आकड्यांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या. ज्याला दुसऱ्या कुणाचा भाग जातो तो संसारी, कुणाचाच जात नाही तो बैरागी. "पहिल्यापासूनचे बैरागी ओळीनं गुणा, वर एक मिळवा, नवा बैरागी तयार!" दोन, तीन, पाच गुणून तीस, वर एक, एकतीस. असंच तेरापर्यंत गेलं की येतात तीस हजार एकतीस. शाळा तपासायला आलेल्या डिपोटीसाहेबांपुढे नानांनी हा आकडा छातीठोकपणे बैरागी ठरवला. साहेब खूश. भर शाळेत नानांच्या डोक्यावर लाल पागोटं चढलं आणि आम्हा घरच्यांना आभाळ ठेंगणं झालं.

पुढे एकदा जुन्नरला जाताना, वेळ जावा म्हणून, नाना बैलगाडीत त्या आकड्याला तोंडी भाग लावत बसले. एकोणसाठनं भाग गेला. पाचशे नऊ वेळा, बाकी शून्य. नानांनी पागोटं उतरवलं. "न तपासता बोललो. साहेबांना सांगितल्याशिवाय डोक्यावर काही घालणार नाही." साहेबांची तर बदली झालेली, कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला बघायला आलेले पाहुणे आधी सुतक समजत, आणि खरं कारण कळलं की घराण्यात वेड आहे असं समजत. दोन स्थळं अशी परत गेली. आई रडे. मी नानांशी बोलणंच टाकलं. अखेर अवसरीचं एक शेतकरी घर कसंबसं जमलं.

लग्नात अक्षतांआधी सासरे पागोटं बांधायला पुढे आले, तर नाना मागे सरले. व्याह्याचं पागोटं नाकारणं म्हणजे लग्न मोडणंच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"आमचं पागोटं हलकं वाटलं व्हय, मास्तर?"

"नाही हो. डोकंच त्या लायकीचं नाही," असं म्हणून नानांनी साऱ्या वऱ्हाडापुढे एकोणसाठचा भाग घालून दाखवला.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. "मला त्यातलं कायबी कळलं न्हाई. पन चार लोकांत आपली चूक सांगनारा व्याही लई शोधूनबी घावायचा न्हाई. वाका आता." नाना वाकले.

सासरी निघालेली गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. नाना वेशीत उभे, पागोटं काखेत, डोकं बोडकं. साहेबांना सांगायचं अजून राहिलंच होतं ना! सारं वऱ्हाड बघत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पदर काही मी तोंडावर ओढला नाही. ओढला असता तर नाना दिसले नसते.