दादाने न सोडलेली गाठ

घोरपडीला कुणी विचारलं की बाई, तू या पावसाच्या गावात कशाला येऊन पडलीस, तर ती सांगायची, बदली झाली. साफ खोटं! बदली तिने मागून घेतली होती. चष्म्याच्या काचा घासायचं काम कुठेही करता येतं. पण ज्या कड्यांवर दादाबरोबर चढलो, तेच कडे रोज खिडकीतून बघणं तिला सोसेना. घोरपड हे नावही दादानेच ठेवलेलं. सातव्या वर्षी ती कपाटावर चढून बसली आणि काही केल्या खाली येईना, तेव्हापासूनचं.

दादा जाऊन वर्ष झालं होतं. कड्यावरून पडून नव्हे हो. एका रविवारी कड्याखाली त्याने दोराला गाठ मारली, दोराचं टोक कमरपट्ट्यात ओवून परत गाठीत फिरवलं आणि म्हणाला, "छातीत जळजळतंय गं, आज नको." टोक पट्ट्यातून ओढून काढलं, पण मूळची गाठ तशीच ठेवली. "राहू दे. पुढच्या रविवारी परत हीच मारायचीय." कंटाळा तर पाचवीलाच पुजलेला! गुरुवारी कामावर खुर्चीतच गेला. वहिनीने दोर घोरपडीच्या हातात दिला. "तूच ने. दिसला की मला राहवत नाही."

दादा डावखुरा, त्यामुळे त्याच्या गाठीचे वेढे जगाच्या उलटे. ती गाठ घोरपडीने सोडली नाही. आपण चढायचं ते दुसऱ्या टोकाने, असं तिने ठरवून टाकलं.

पण चढायला दोघं लागतात, एक वर आणि एक खाली दोर धरायला. या गावात आधी कोरडा दगडच मिळेना. जिथे हात घालावा तिथे शेवाळ. आणि माणसं? एक बँकेतला भेटला, तो दोर धरून फोनवर गप्पा मारायचा. "अहो, माझा जीव तुमच्या मुठीत, आणि मूठ कानाला!" असं म्हणून घोरपडीने त्याला रामराम ठोकला. मग एक शिक्षिका. ती ढग दिसला की घरी पळायची, आणि ढग नसलेला दिवस त्या गावाने पाहिलाच नव्हता.

मग घोरपड काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात लिफ्टवाली आली. चष्म्याची काडी मोडली होती. तिच्या बोटांची सोललेली टोकं आणि हात घसरू नयेत म्हणून चढणारे लावतात ती पांढरी पूड नखांत बघून घोरपडीने काडीचं नावसुद्धा काढलं नाही.

"कुठे चढता?"

बाई आधी चमकली, मग तिने घोरपडीची बोटं पाहिली आणि हसली. "आठवडाभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करते. रविवारी मात्र स्वतःच्या हातापायांनी वर जाते. येता?"

तिची जागा म्हणजे एक बंद पडलेली दगडाची खाण. वरचा दगड छज्ज्यासारखा पुढे आलेला, त्यामुळे बाहेर धो धो कोसळत असलं तरी आतली भिंत कोरडी. लिफ्टवाली कमी बोलायची, पण दोर धरावा तर तिनेच. चढण्याआधी समोरच्याची गाठ दोनदा ओढून बघायची. घरी जाताना दादाचा दोर घोरपड स्वतःच गुंडाळायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. का, ते मात्र सांगितलं नाही. दोन-तीन रविवारांतच अहो-जाहो गळून पडलं.

चौथ्या रविवारी घोरपड भिंतीच्या सगळ्यात अवघड बाजूने वर पोचली. आनंदाच्या भरात तोंडातून गेलं, "दादा, धर!"

खालून आवाज आला, "धरलंय."

घोरपड खाली उतरली. ती खाणीतल्या पाण्याच्या कडेला जाऊन पाठमोरी बसली. बिचारीला जरा एकटं बसू दे, असं म्हणत लिफ्टवालीने आवराआवर केली. दोर हातातून फिरवत वीत न् वीत तपासला. दोरात गाठ ठेवून घरी जायचं नाही, हा तिचा नियम. गाठीवर सतत ताण राहिला की दोर तिथेच खराब होतो. खरं तर कुणाही चढणाऱ्याचा हाच नियम.

"एक गाठ कसली घट्ट बसली होती गं!" ती कौतुकाने म्हणाली. "दातांनी सोडवली शेवटी."

घोरपडीने धावत येऊन टोक हातात घेतलं. दोर तिथे अजून वाकडा होता. तिने घाईघाईने गाठ मारली. उजवी आली. सोडून डाव्या हाताने मारली, तर नुसता गुंता. पुन्हा मारली, पुन्हा उजवीच.

"काय झालं? अगं, बोल ना!"

मग घोरपडीने सगळं सांगितलं. लिफ्टवालीचा चेहरा पांढराफटक पडला. "मला आधी नाही का सांगायचं?"

"ज्याला सगळं सांगायचे, तोच गेला ना!"

लिफ्टवाली शेजारी बसली. तिने दोर हातात घेतला नाही, समजूतही घातली नाही. बाहेर पाऊस पडतच होता. मग तिने भीत भीत विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?"

घोरपडीने आपली उजवी गाठ सोडली. दोराचा वाक अंगठ्याने दाबून दाबून सरळ केला.

"येईन," ती म्हणाली, आणि दोर मांडीवर घेऊन हमसून हमसून रडली.