डेसच्या जर्सीच्या बाह्या

शेजारच्या नोएलीननं दोनदा बजावलं होतं, "गार पाणी. फक्त गार." मी मशीन गरमवर लावलं आणि बाबांची जर्सी चौथीतल्या पोराला बसेल एवढी करून बाहेर काढली. बाबांचं दफन उद्या होतं. सिडनीहून आत्या निघालीसुद्धा होती.

बाबा असते तर पोट धरून हसले असते. मी मशीनचं दार धरून उभा राहिलो. रडू येईल म्हणून थोडा थांबलो, पण आलं नाही. मग जर्सी उचलून नोएलीनकडे गेलो.

आमच्या रग्बी क्लबच्या जर्स्या तीसेक वर्षं तिनंच शिवल्या, सगळ्या पॉलिएस्टरच्या. मग तो मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर गावभरचे कपडे नदीकाठच्या कुंपणाच्या तारांवर लटकले. सुती होते ते हळूहळू विरून गेले. बाबांची सात नंबरची जर्सी मात्र वर्ष उलटलं तरी फडफडत होती. ना रंग विटला, ना टाका उसवला. लोक कौतुक करायला लागले, तशी नोएलीन जाऊन ती उतरवून घेऊन आली. म्हणाली, "आता असे पूर येतच राहणार. माझं काही कुंपणावर राहायला नको."

तेव्हापासून तिच्याकडे लोकर, ताग, सुती दोरा आणि शिंपल्याची बटणं, एवढंच. प्रत्येक कपड्याचा तुकडा ती आधी खुराड्यामागच्या खताच्या ढिगात पुरते. कुजला तर पास.

झाडांखालच्या आमच्या दफनभूमीत प्लास्टिकचा धागाही चालत नाही, आणि बाबांना क्लबच्या जर्सीतच जायचं होतं. म्हणून तिनं ही लोकरीची शिवली, निलगिरीच्या सालीत तांबडी रंगवली.

"हे काय, किटलीला टोपडं?" नोएलीननं विचारलं.

"गरम पाणी."

"शाळेत वाचायला शिकवत नव्हते का रे तुला? चिठ्ठी टाचली होती की!"

"वाचली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "जेवलास?"

"आठवत नाही."

मग तिनं कात्री घेतली. पाठीवरचा सातचा आकडा उसवून तिनं छातीवर टाचला. पाठ खालून गळ्यापर्यंत कापली, दोन्ही बाह्या उतरवल्या.

"आडव्या माणसाची पाठ कोण बघतंय? कडा खाली खोचू. हात चादरीत."

"आणि बाह्या?"

"ढिगात. पण ढीग गार पडलाय. तुझ्या बापानं, डेसनं, ट्रॉलीभर लीद आणतो म्हणून सांगितलं होतं. आता ती तू देणं लागतोस."

"आणतो."

दुसऱ्या दिवशी सगळं नीट झालं. सात नंबर छान दिसत होता, असं आत्या म्हणाली.

आता नोएलीन कुंपणावरून ओरडते, "काय रे, लीद?"

"शनिवारी," मी म्हणतो.

"कुठल्या?"

ट्रॉली दारात आहे, घोडेवाला पलीकडच्याच रस्त्याला राहतो. लीद पडली की ढीग तापेल, बाह्या कुजतील. काल ती बाजारात गेली होती, तेव्हा मी जाऊन थोडं उकरून पाहिलं. अजून तांबड्या आहेत. पुन्हा माती ओढली आणि घरी आलो.