ओढ्यावरची छत्री

“खोटं हाय. ए नाना, खोटं हाय त्ये. ती न्हाई, आमची हिरा न्हेती पोरं.”

बिरू आप्पा पाराखाली उभे राहून ओरडत होते. मुंडासं सुटून गळ्यात आलेलं, आवाज फाटलेला, मानेवरच्या शिरा मला वरून दिसत होत्या. माईक माझ्या हातात होता. समोर सगळं गाव बसलेलं. आणि मी — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, एकीला सोडून. बायकोला तर ती जाईपर्यंत सांगितलं नाही — मी माईक तोंडाशी नेला आणि...

थांबा. एकदम तिथं नको. नाना लगेच मुद्द्यावर आला, म्हणजे नक्की थाप मारतोय, असं तुम्हाला वाटेल. मुद्द्यावर येणं माझ्या स्वभावात नाही. जरा मागून येतो.

मी पुकारा करणारा माणूस. लग्नाचा मांडव असो, जत्रेतली कुस्ती असो, शिरूरपासून दौंडपर्यंत माईक माझ्याच हातात. वरवंडच्या आखाड्यात एकदा मी एका पैलवानाचं नाव असं पुकारलं, की समोरचा गडी शड्डूही न ठोकता थेट पाठीवर झोपला. दौंड स्टेशनाबाहेर नुसता घसा साफ केला, तर गाडीनं तीच शिट्टी समजली आणि निघाली; गार्ड मागं पळतोय. बरं — गार्ड मी नंतर घातला. गाडीही. पण लोकांना ते लागायचं. आणि मला लोक लागायचे.

आमचं गाव कवठे येमाईच्या अलीकडं. तेव्हा आमच्याकडं एक पद्धत होती. ग्रामपंचायतीचं मतदान जवळ आलं, की दोन्ही पॅनेलचे सगळे उमेदवार एकाच दिवशी देवळासमोरच्या पारावर ओळीनं उभे राहायचे. ज्याला जे चिन्ह मिळालं असेल, ती वस्तू हातात घेऊन. शिडीवाला शिडी घेऊन, कढईवाला कढई घेऊन. एका साली एकाच्या वाट्याला शिलाई मशीन आलं, ते त्यानं बैलगाडीतून आणलं आणि सभा संपेपर्यंत मिठी मारून उभा राहिला. पण तोंड उघडायचं नाही कुणी. आपली ओळख आपणच करून द्यायची म्हणजे मिरवणं, असं गाव मानायचं. ओळख करून द्यायचो मी. दोन्ही पॅनेलची. नाना कुणाचा नाही आणि सगळ्यांबद्दल सारखंच खोटं बोलतो, म्हणून दोघांनाही मी चालायचो.

लक्षात येतंय ना? ते सगळे मुके उभे. माझ्या शब्दाशिवाय त्यांच्याजवळ दुसरं काही नाही.

बायकांना राखीव जागा मिळायला लागल्या, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या वॉर्डात बाईची एक जागा होती. एका बाजूला सुमनवहिनी. गावचे पुढारी आबा, त्यांच्या पुतण्याची बायको. राहायला ओढ्याकाठच्या मळ्यात. बाई चांगली, पण उंबऱ्याबाहेर फारशी न पडलेली. आपण उभ्या आहोत हे त्यांना घरच्यांनीच सांगितलं असावं. चिन्ह छत्री. दुसऱ्या बाजूला हिराबाई, ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरची. बिरू आप्पा तिचे सासरे. उमेदीत त्यांनी मेंढरांमागं कोकणापर्यंत रान तुडवलेलं. आता मेंढरं थोडी ठेवून कांदा-बाजरी करत होते. हिराबाईचं चिन्ह कपबशी.

आणि बाईच्या त्या एका जागेवर काय अडलं होतं? शाळेची एक खोली. ती मंजूर होऊन आली होती. गावातल्या शाळेला जोडायची, का ओढ्यापलीकडं वस्तीवर बांधायची, हे पंचायतीची नवी बॉडी ठरवणार होती. शाळेच्या समितीवर कोण, तेही तीच ठरवणार. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीची बारकी पोरं अडकायची. खोली पलीकडं व्हावी म्हणून हिराबाई उभी राहिली. बाकी कशासाठी नाही.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्या ओट्यावर आली. बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

“नाना, उद्या माझ्याबद्दल वाघीण-बिघीण काय लावू नका.”

“मग काय लावू? मेंढी लावू?”

ती हसली. मग म्हणाली, “येकच सांगा. पावसाळ्यात वड्यातनं पोरं मी न्हेते. येक कडंवर, दोन हाताला, बाकीची पदराला धरून. दप्तरं डोक्यावर. एवढं खरं हाय, तेवढंच सांगा.”

“पाण्याची भीती नाही वाटत गं?”

“वाटती की. पोरास्नी सांगत न्हाई.”

मी शब्द दिला. तोवर माझ्याकडं खरं सांगून घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. मला बरं वाटलं — हे खोटं नाही. बायकोला म्हटलं, उद्या बघ, उद्या नाना एक खरी गोष्ट सांगणार आहे. ती म्हणाली, जमंल का?

जमेल का. तिनं सहज विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभा. शिडीवाल्याला मी ढगापर्यंत चढवला आणि तिथून त्याला पुण्याच्या कलेक्टराशी बोलायला लावलं. कढईवाल्याच्या कढईत सगळा शिरूर तालुका जेवला, वर दौंडकरांनी डबे भरून नेले. लोक लोळत होते. मग सुमनवहिनींची पाळी आली. त्या छत्री उघडून उभ्या राहिल्या, नजर पायाच्या अंगठ्याकडं. मी तोंड उघडलं — आणि काहीच नाही. रिकामा. या बाईबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती, आणि थाप मारायलासुद्धा खाली काहीतरी टेकायला लागतं. मी घरंदाजपणावर बोललो. मागची माणसं उठून धोतरं झटकायला लागली. मी सासर-माहेरावर बोललो. पुढच्या रांगेत एकानं जांभई दिली.

माझ्या सभेत जांभई.

आता इथं तुम्हाला सांगायला हवं, की आबांनी मला सकाळीच बाजूला घेऊन दम दिला होता — सुनेला पुढं काढ, त्या धनगराच्या बाईला फार ओढू नको, नाहीतर माईक गावात चालणार नाही तुझा...

नाही. हे खोडा. आबांनी काही सांगितलं नव्हतं. आबा पुढं बसून सुपारी कातरत होते, त्यांना सभेपेक्षा सुपारीची काळजी जास्त. इतकी वर्षं मीच मनातल्या मनात त्यांच्याकडून दम भरून घेत आलोय. आता तर तो दम देतानाचा त्यांचा आवाजही मला ऐकू येतो. पण ते काही बोलले नव्हते. कुणीच काही बोललं नव्हतं.

एक माणूस जांभई देत होता. माझ्याजवळ त्या दिवशी एकच चांगली गोष्ट होती, आणि ती दुसऱ्या बाईची होती. आणि समोर ती छत्री — उघडी.

मी म्हणालो, मंडळी, ही छत्री साधी समजू नका. ओढ्याकाठच्या मळ्यात राहणारी ही माउली पावसाळ्यात काय करते, ते तुम्हाला ठाऊक नाही. वस्तीची पोरं ओढ्यातनं पार करते. एक कडेवर, दोन हाताला, बाकीची पदराला धरून, दप्तरं डोक्यावर. शब्द जसेच्या तसे. छत्री तेवढी माझी. दोन्ही हातांना पोरं असताना छत्री कुठल्या हातानं धरली, हे गावातल्या एकाही माणसानं विचारलं नाही. मग मी पाणी वाढवलं. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. भीती वाटते, पण पोरांना सांगत नाही, असंही म्हणालो. तेही तिचंच.

उठलेली माणसं खाली बसली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुमनवहिनींनी दचकून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग छत्री जरा वर धरली.

हिराबाई त्यांच्या शेजारीच उभी होती. बशीत कप वाजला. एवढंच.

मास्तर लोकांना निवडणुकीच्या सभेला यायची बंदी; नाहीतर शाळेतलं कुणी बोललं असतं का? ठाऊक नाही. वस्तीची बरीचशी माणसं मेंढरांमागं, नाहीतर रानात. बिरू आप्पा तेवढे पुढं आले आणि ओरडले. ते तुम्ही वर वाचलंच.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? माईक हातात होता. चुकलो, असं म्हणायला किती वेळ लागतो? आप्पांचं बरोबर आहे, ही गोष्ट हिराबाईची — एवढं एक वाक्य. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो,

“आप्पा, नाना कवा खरं बोललाय, त्यो आज बोलंल?”

गाव फुटलं हसून. सुपारी कातरणारे आबासुद्धा हसले. आप्पा हात हलवत काही बोलत राहिले, पण ते आता कुणाला ऐकू येत नव्हतं; त्यांचं ओरडणंही माझ्याच खेळातलं होऊन गेलं. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत. पण डोळ्यांत एकदा आलेलं पाणी कुणी परत घेत नाही. ते छत्रीच्याच नावावर राहिलं.

आणि मग हिराबाईची पाळी. म्हणजे बघा, अजूनही वेळ होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. मी म्हणालो, ही कपबशी. निवडून दिलीत तर सगळ्या गावाला चहा, मेंढीच्या दुधाचा. पुन्हा हशा. तिनं कपबशी वर धरली, कारण चिन्ह वर धरायचं अशी पद्धत होती, आणि पार उतरून सासऱ्याला घेऊन गेली.

सुमनवहिनी थोडक्यात निवडून आल्या. खोली गावातल्या शाळेला जोडली. पुढच्या पावसाळ्यात मी ओढ्याकडं गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिकडून येणारे सांगायचे, हिराबाई अजून पोरं नेते. काही पोरी मात्र घरीच राहिल्या.

बिरू आप्पा बाजारला आले, की टपोरी पोरं मागून ओरडायची, “खोटं हाय.” त्यांच्याच आवाजात, तसाच फाटका आवाज काढून. म्हाताऱ्यानं खऱ्यासाठी आयुष्यात एकदा भर गावात तोंड उघडलं, आणि मी त्याची नक्कल करून ठेवली गावाला. मी तिथंच चहाच्या टपरीवर बसलेला असायचो. पोरांना गप्प बसा म्हणालो का? आप्पा गावात यायचे बंद झाले. वारले, तेव्हाही मी वस्तीवर गेलो नाही. कमरेचं कारण सांगितलं. त्यावर विश्वास ठेवला लोकांनी.

पुढं बायको गेली. मांडवांत डीजे आले, पुकाऱ्याला कुणी विचारेना. आता घरात मी आणि कोपऱ्यात तो भोंगा, त्याच्यात चिमण्यांनी घर केलंय — हे खरं आहे, बघायला या. टपरीवर गेलो की लोक सरकून जागा देतात, म्हणतात, सोडा नाना एखादी. मी सोडतो. हसतात, चहा संपवतात, जातात. कुणी घरापर्यंत येत नाही. छातीत दुखतंय म्हणालो, तरी हसतात. एकदा मी तिथंच सुरुवात केली होती — म्हटलं, ती पोरं वहिनी न्यायच्या नाहीत, हिराबाई न्यायची. “आला नाना रंगात,” कुणीतरी म्हणालं. आणि मी? मी लगेच ओढ्यात मगर सोडली. सगळे पोट धरून हसले. मगर, आमच्या ओढ्यात.

हिराबाईचं घर तोवर वस्तीवरून उठलं होतं. पोरगा शिक्रापूरच्या कंपनीत लागला, तीही तिकडंच गेली, कुठल्यातरी कॅन्टीनात भाकरी करायला. एका रविवारी मी एसटीनं गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. मी, ज्याला कधी वाक्य जुळवायला लागलं नाही. एवढी वर्षं मी एक आशा धरून होतो, की तिला वाटलं असेल, नानाची गफलत झाली. घाईत एकीचं दुसरीला लागलं. तिचा तेवढा गैरसमज तरी मला काढून टाकायचा होता. माफी मागायची नव्हती.

चाळीतली खोली. शेजारून हिंदी गाणी. ती दारात मेथी निवडत बसली होती, केस पिकलेले. “या नाना,” म्हणाली, आत पोतं अंथरलं, पाणी दिलं. रस्त्यावरून ट्रक सारखे जात होते, मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि हे मोठ्यानं बोलायचं नव्हतं. एक ट्रक जाऊ दिला. दुसरा जाऊ दिला. मग म्हणालो. त्या दिवशी पारावर माझी गफलत झाली नव्हती. आप्पा ओरडले ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे मला त्याच वेळी ठाऊक होतं. पोरं तू न्यायचीस, हे ठाऊक असून मी ते दुसरीला दिलं.

तिनं मेथीची जुडी फिरवली, पिवळी पानं काढून बाजूला टाकली.

“ठावं हाय की,” ती म्हणाली. “मीच सांगितलं व्हतं तुमाला.”