हात मोडला भामाबाईचा, टोपी पंढरीला

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांवर पाट्या चढल्या, साहेबांच्या जीपा धावायला लागल्या, आणि नेमकं तेव्हाच आभाळ आटलं. गावाबाहेरच्या एका डाळ मिलमध्ये भामाबाई तूर निवडायला जायची आणि तिचा नवरा पंढरी तिथंच हमाली करायचा. पंढरी अंगानं दांडगा आणि स्वभावानं गरीब गाय. भामाबाई मूठभर, पण आवाज असा की मिलचा भोंगा बिघडला तरी कुणाचं अडू नये.

तुरीची डाळ करायची तर आधी तुरीला पाणी लावावं लागतं, त्याशिवाय साल सुटत नाही. त्यासाठी मिलमध्ये टँकर यायचा. मॅनेजर रेणुकादासनं सांगून ठेवलं होतं की हे पाणी तुरीचं, बायांनी आपलं पाणी घरून आणायचं. आता बायांच्या घरी पाणी असतं तर त्या दुष्काळाला दुष्काळ कशाला म्हणाल्या असत्या? पण रेणुकादासला मालकाची भीती होती, आणि मालकाला भिणारी माणसं ती भीती हाताखालच्यांवर काढतात.

एका दुपारी शेजारी बसलेली गौरम्मा भोवळ येऊन पडली. भामाबाईनं सरळ तुरीच्या पाण्याच्या पिंपात तांब्या बुडवला. रेणुकादास धावून आला, तांब्या ओढायला लागला, ती सोडेना. शब्दानं शब्द वाढला आणि त्यानं जवळची लाकडी फळी उचलून तिच्या मनगटावर हाणली. तरी तिनं तांब्या सोडला नाही, म्हणून दुसरी हाणली. हाड मोडल्याचा आवाज बायांनी ऐकला. पंढरी तिथंच होता. तो जागचा हलला नाही.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. पोलीस ठाण्यात जमादारानं किरकोळ मारहाण म्हणून अदखलपात्र नोंद केली आणि कोर्ट उघडं आहे म्हणून सांगितलं. मिलच्या फाटकावर तर तिला आतच घेईनात. भामाबाईला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर गावात फिरत असलेल्या गोष्टीचा. ती म्हणे पाय घसरून पडली. मारलं ते मारलं, पण मारलंच नाही म्हणतात, हे तिच्या जिवाला लागलं. तिला एवढंच हवं होतं की जे झालं ते खरंच झालं असं कुणीतरी चारचौघांत म्हणावं.

कोर्टाच्या आवारात विनीताबाई नावाच्या वकील बसायच्या. वय कमी, अशिलं त्याहून कमी. त्यांनी दवाखान्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं की हाड मोडलं म्हणजे प्रकरण किरकोळ राहिलं नाही. पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागेल. नाही नोंदवला तर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज, तिथंही नाही झालं तर थेट मॅजिस्ट्रेटपुढे. कामावरून काढलं ते वेगळं भांडण, त्यासाठी कामगार अधिकारी. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. जमादारानं आधी टाळाटाळ केली, पण अधीक्षकांचं नाव निघाल्यावर गुन्हा नोंदवला गेला.

मग मिटवामिटवी सुरू झाली. वस्तीतले साहेबराव हमालांचे मुकादम, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांनी मिलसमोरच्या हॉटेलात बैठक बसवली. मालक आला, रेणुकादास आला, पंढरीला बोलावणं गेलं. भामाबाईला कुणी बोलावलंच नाही. चहा झाला, रेणुकादासनं पंढरीच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला, आणि सगळ्यांनी मिटलं म्हणून हात झटकले. मार खाल्ला बायकोनं आणि मानपान नवऱ्याचा! आणि हे चुकलं असं त्या अख्ख्या बैठकीत एकाही शहाण्याला वाटलं नाही.

पंढरी नवी टोपी घालून घरी आला. भामाबाईनं एका हातानं भाकरी थापता थापता त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमाला कुटं लागलं होतं?"

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या पुढ्यात भाकरी यायची, शब्द यायचा नाही.

साहेबरावांनी तिला समजावून पाहिलं की नवऱ्याचं काम तरी राहू दे. तिनं विनीताबाईंना विचारलं की आता खरंच मिटलं का. त्या म्हणाल्या, "मिटवायचा हक्क फक्त ज्याला लागलं त्याचा. तोही कोर्टाच्या परवानगीनं. नवऱ्याचा नाही, मुकादमाचा नाही, मालकाचा तर नाहीच." भामाबाईनं हे दोनदा सांगायला लावलं. एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच विचारली जाईल, हे तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. मॅजिस्ट्रेटनी तिला पुढं बोलावून विचारलं की बाई, आपसांत मिटलं म्हणतात, तुमची मर्जी आहे का.

"न्हाई साहेब," भामाबाई म्हणाली. "हात माजा हाय. मी मिटवलं न्हाई."

पण नुसत्या तिच्या शब्दावर कसं भागणार? फळी बसली तेव्हा गौरम्मा शुद्धीवर नव्हती, बाकीच्या बायांना काम टिकवायचं होतं. राहिला पंढरी. पुढच्या तारखेला त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा भामाबाई खाली मान घालून बसली. तो काही पाहिलं नाही म्हणणार, हे ती धरूनच चालली होती. पोट त्याच मिलवर होतं, त्याला तरी किती बोल लावायचा?

पंढरी पिंजऱ्यात चढला.

"मी बगितलं साहेब," तो म्हणाला. "मॅनेजरनं फळी हाणली. पैला फटका बसला तवा मी धावाय पायजे होतं. मी धावलो न्हाई, म्हून दुसरा बसला."

रेणुकादासचा वकील ताडकन उठला आणि म्हणाला की तुम्ही टोपी-टॉवेल घेऊन प्रकरण मिटवलं होतं, खरं की नाही.

"हाव, घेतला," पंढरी म्हणाला. "माजा नव्हता तो मान. तिला इचारलं बी न्हाई."

साहेबराव मागच्या मागे उठून बाहेर गेले. मालकाचा माणूस दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. उद्या मिलचं फाटक पंढरीलाही बंद होणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं, पंढरीला तर आत शिरतानाच कळलं असेल. तो उतरून आला आणि कुठं जावं ते न सुचून भिंतीशी उभा राहिला. भामाबाई बाकावर सरकली आणि म्हणाली, "बसा हितं."