उघडी टाकी

आत्याच्या घराची पुढची भिंत पाडून झाली आणि खोदकामाच्या त्या छोट्या यंत्राचा तेलाचा पाइप फुटला. त्याचा लोखंडी हात मागच्या खोलीच्या छपरावर तसाच थांबला. मेकॅनिकने येऊन नवा पाइप बसवला. आता तेल भरलं की ती खोलीही जाणार होती.

यंत्राच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी त्याने भोवतालचा भाग फडक्याने पुन्हापुन्हा पुसला. "तेलात चिमूटभर धूळ गेली तरी पंप खलास होतो," तो म्हणाला.

मी बघत राहिले. भिंती हे यंत्र सहज खातं, त्याच भिंतींची धूळ मात्र त्याला पचत नाही! आम्हाला पाडणारं जे जे आहे, त्या सगळ्याच्या पोटात असं एखादं नाजूक ठिकाण असणार. आम्ही आजवर फक्त त्याचे दात बघितले आणि घर पाडू नका म्हणून अर्ज करत बसलो.

तेवढ्यात आत्या झाडू घेऊन उरलेल्या अंगणात उतरली. तिने असा झाडू मारला की लाल मातीचा लोटच उठला.

"अहो मावशी, थांबा! टाकी उघडी आहे!"

"मग? माझं अंगण मी रोजच झाडते."

"सगळी धूळ इकडे येतेय!"

"भिंत माझी होती, धूळही माझीच. तुझ्या मशीनला सांग, तोंड मिटून बस म्हणावं."

घाईत मेकॅनिकच्या हातातलं झाकण निसटून राडारोड्यात पडलं. त्याने दोन्ही तळवे टाकीच्या तोंडावर दाबून धरले.

मी मागच्या खोलीत जाऊन दुसरा झाडू घेऊन आले.